न पाहिलेल्या चित्रपटाचा वाद

पाहिलेल्या वस्तूविषयी माणसे भांडतात यात नवल नाही. परंतु अद्याप कोणीच न पाहिलेल्या वस्तूविषयी माणसे तावातावाने भांडतात, आणि त्या भांडणात त्यांना एक प्रकारचा आनंदही होतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सणासुदीला प्रदर्शित होणाऱ्या नव्या चित्रपटांविषयीची चर्चा या जातीची असते. नवरात्र बसण्यापूर्वी ती सुरू होते, दिवाळीत तिला भर येतो आणि नाताळात तिची दुसरी आवृत्ती निघते.

म्हैसूरहून कृष्णराजसागराकडे जाणाऱ्या वाटेवरील बेळगोळ येथे ही चर्चा ऐकावी. एका बाजूस भाताची शेते, दुसऱ्या बाजूस कारखाने, आणि त्या कारखान्यांच्या व कचेऱ्यांच्या निमित्ताने चारी दिशांनी आलेली माणसे. कन्नड मंडळी आपल्या नटाचा पक्ष घेऊन बसलेली असतात. तमिळ आणि तेलुगू भाषकांचे आपापले दैवत ठरलेले असते. हिंदी चित्रपटाला वकील कधीच कमी पडत नाहीत. आणि एखादा मराठी मनुष्य, आपला चित्रपट म्हैसुरात लागण्याचा संभव क्वचितच, हे ठाऊक असल्यामुळे, सर्वांचे ऐकून घेऊन शेवटी आपले मत देतो. प्रश्न वरवर क्षुल्लक आहे : या सणात कोणता चित्रपट पाहावा? मला वाटते, या क्षुल्लक प्रश्नाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. करमणुकीच्या निवडीबद्दल मनुष्य कोणाला काही उत्तर देणे लागतो काय?

पहिले उत्तर तत्काळ सुचते ते असे की, मुळीच नाही. रुची ही ज्याची त्याची. एकाला कारले आवडते, दुसऱ्याला आवडत नाही. यात पाप कोठले आणि पुण्य कोठले? स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या सुट्टीत मनुष्य काय पाहतो याचा जाब विचारणे म्हणजे नीतीच्या नावाखाली लुडबूड करणे होय.

हे उत्तर सोयीचे आहे, आणि माझ्या निवडीने इतरांच्या निवडीस धक्का लागत नसता तर ते बरोबरही ठरले असते. दिवाळी अंकांचे उदाहरण घ्या. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून कोणता अंक घ्यावा हा वाद मराठी घरांत चालत आला आहे. परंतु मी एक अंक घेतला म्हणून दुसरा अंक नाहीसा होत नाही. वाचनालयाच्या कपाटात तो महिनोन्‌महिने माझी वाट पाहतो. चित्रगृहाचा व्यवहार तसा नाही. पडदे मोजके, दिवसाचे खेळ मोजके, आणि शुक्रवार, शनिवार व रविवार या तीन दिवसांत किती खुर्च्या भरल्या यावर पुढील आठवड्याचे खेळ ठरतात. ज्याच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तो चित्रपट सकाळच्या गैरसोयीच्या वेळेस ढकलला जातो आणि मग उतरतो. ‘सावकाश पाहू’ असे म्हणणाऱ्या रसिकाला तो मोठ्या पडद्यावर पुन्हा भेटत नाही.

हे भांडण किती खरे आहे याची साक्ष सरकारी दप्तरातही सापडते. १३ नोव्हेंबर २०१२ रोजी, ऐन दिवाळीत, ‘जब तक है जान’ आणि ‘सन ऑफ सरदार’ हे दोन चित्रपट एकाच दिवशी लागले. त्यापूर्वीच दुसऱ्या चित्रपटाच्या निर्मात्यांनी पडद्यांच्या वाटणीविषयी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली होती. आयोगाने ती फेटाळली. पुढे ८ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ हा प्रचंड खर्चाचा हिंदी चित्रपट आणि ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ हा मराठी चित्रपट एकाच वेळी आले, तेव्हा मराठी चित्रपटाला पुरेसे पडदे मिळत नाहीत म्हणून महाराष्ट्रात वाद माजला. तेव्हा तिकीट काढणारा मनुष्य केवळ आपली करमणूक विकत घेत नसतो. त्याच्या नकळत तो दुसऱ्याच्या करमणुकीविषयीही मतदान करीत असतो.

येथून काही लोक लगेच दुसऱ्या टोकास जातात. ते म्हणतात, असे असेल तर आपल्या भाषेचा चित्रपट पाहणे हे आपले कर्तव्य आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली बहुपडदा चित्रगृहांत दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवावा असा आग्रह धरला, त्याची तरफदारी अनेकांनी याच भाषेत केली. माझ्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत होते. दार उघडे ठेवणे हे शासनाचे काम असू शकेल. परंतु त्या दारातून कोणी आत जावे, हे सक्तीने ठरवता येत नाही. कर्तव्य म्हणून पाहिलेला चित्रपट हा आहेर देण्यापुरते गाठलेल्या लग्नासारखा असतो. त्यात यजमानाचा मान राखल्यासारखा दिसतो, परंतु त्याला हवी असलेली वस्तू, म्हणजे आपले मन, आपण घरीच ठेवून आलेलो असतो. ज्या कलावंताने आपले सर्वस्व ओतून चित्र निर्माण केले त्याला भाषेच्या नावाने दिलेली भीक नको असते. त्याला आपले लक्ष हवे असते.

मग प्रेक्षकाकडे कोणतेच कर्तव्य उरत नाही काय? उरते, आणि ते निवडीपूर्वीचे आहे. कोणता चित्रपट पाहावा याची सक्ती नाही, परंतु कोणताही चित्रपट विचार न करता नाकारू नये, एवढे बंधन मनुष्याने स्वतःवर घालून घ्यावे. आणि म्हणूनच सणापूर्वीची ती चर्चा, जी रिकामटेकड्यांची बडबड म्हणून आपण हसण्यावारी नेतो, तिला महत्त्व येते. विचार करण्याची जागा तीच असते.

परंतु तेथे एक अडचण आहे. न पाहिलेल्या वस्तूविषयी मत बनवणे हे प्रामाणिकपणाचे आहे काय? आपल्या मराठी भाषेनेच याचे उत्तर एका क्रियापदात देऊन ठेवले आहे. ‘चित्रपट चांगला असेल’ आणि ‘चित्रपट चांगला आहे’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे तेच अपेक्षा आणि निर्णय यांतील अंतर होय. दिग्दर्शकाची पूर्वीची कामगिरी पाहून मनुष्य ‘असेल’ म्हणतो, तेव्हा तो विश्वास ठेवतो, आणि विश्वास ही चांगली गोष्ट आहे. परंतु जाहिरातीची नौबत ऐकून तो ‘आहे’ म्हणू लागतो, तेव्हा त्याने आपली बुद्धी दुसऱ्याकडे गहाण टाकलेली असते. २०१८ सालच्या त्या दिवाळीत ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ने पहिल्याच दिवशी ५० कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न केले, आणि थोड्याच दिवसांत त्याची चित्रगृहे ओस पडू लागली. पहिल्या दिवशीची गर्दी जाहिरातीने जमवली होती. पुढच्या दिवसांतील ओहोटी चित्रपटाने घडवली. नाकारण्याच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. ‘हा टाकाऊच आहे’ असे न पाहता म्हणणारा मनुष्य स्वतःला चोखंदळ समजतो. पण ‘असेल’वरून ‘आहे’वर उडी मारण्याचा दोष त्याच्याही पदरी पडतोच.

या ठिकाणी सुशिक्षित मनुष्य चाहत्यांच्या नावाने नाक मुरडतो. नटाच्या पुतळ्याला दुधाने न्हाऊ घालणारे हे लोक विचार काय करणार, असा त्याचा सवाल असतो. कर्नाटकात राहणाऱ्याला इतक्या सहजासहजी हा प्रश्न निकालात काढता येत नाही. राजकुमार यांचे १२ एप्रिल २००६ रोजी निधन झाले तेव्हा त्यांच्या नेत्रांचे दान झाले. त्यांचे पुत्र पुनीत २९ ऑक्टोबर २०२१ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, अकस्मात गेले. त्यांचे वडील बंधू शिवराजकुमार यांचा ‘भजरंगी २’ त्याच दिवशी लागला होता. पुनीत यांच्याही नेत्रांचे दान झाले, चौघांना त्यामुळे दृष्टी लाभली, आणि त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचा संकल्प करणाऱ्यांची रीघ लागली. त्यांच्या कुटुंबाच्या आधाराने चाललेली ‘शक्तिधाम’ ही निराधार स्त्रियांची संस्था म्हैसुरातच आहे. पडद्यावरील नटावरचे प्रेम मनुष्याला स्वतःचे डोळे देऊन टाकण्याइतके उदार करू शकते, हे ज्याने पाहिले तो त्या प्रेमाला केवळ वेड म्हणणार नाही.

आणि आपण मराठी माणसांनी तरी या बाबतीत शहाणपणाचा आव का आणावा? बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या भक्तांत एके काळी केवढी चुरस होती! परंतु जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केले, तेव्हा दोन्ही पक्षांच्या रसिकांना एकाच नाट्यगृहात बसून दोघांचेही गाणे ऐकावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव वारले. तो प्रयोग ज्यांनी आपल्या पक्षाच्या अभिमानापायी टाळला असेल, त्यांनी काय गमावले हे सांगण्याची आवश्यकता नाही. निष्ठेची कसोटी यावरून ठरवता येईल. जी निष्ठा मनुष्याला काही द्यावयास लावते ती चांगली. जी दुसऱ्याचा गुण पाहू देत नाही ती निष्ठा नव्हे, ते अंधत्व होय.

आतापर्यंत आपण एकट्या प्रेक्षकाचा विचार केला. परंतु सणाचा चित्रपट एकट्याने कोण पाहतो? तो कुटुंबाने पाहावयाचा असतो, आणि येथे प्रश्न खऱ्या अर्थाने कठीण होतो, कारण येथे पैसा येतो. चार माणसांची तिकिटे, बेळगोळहून म्हैसूरपर्यंत जाण्यायेण्याचा खर्च, मध्यंतरातील खाणे, हा हिशेब मांडला की ठरावीक पगाराच्या मनुष्याला एका सणात एकच चित्रपट परवडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक शासनाने तिकिटाची किंमत कर सोडून २०० रुपयांहून अधिक असू नये असा नियम केला, आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. निर्मात्याचा व चित्रगृहाच्या मालकाचा पक्षही समजून घेतला पाहिजे. म्हैसुरातील ‘शांतला’सारखे जुने, लोकांच्या मायेचे चित्रगृह २०२० साली बंद पडले, हे कोणाला विसरता येईल? परंतु तिकीट जितके महाग तितकी निवड कठोर, आणि निवड जितकी कठोर तितका घरातील दुबळ्याचा आवाज क्षीण, हा नियम मात्र कोणत्याही न्यायालयाच्या स्थगितीने थांबत नाही.

कोणाचा आवाज? प्रत्येक घरात एक व्यक्ती अशी असते की तिला विचारले असता ती म्हणते, ‘तुम्ही म्हणाल तो.’ बहुधा ती घरची आजी असते, किंवा गृहिणी. तिच्या या उत्तराला आपण संमती समजतो. वस्तुतः ती संमती नसते. अनेक वर्षे आपली इच्छा विचारात घेतली गेली नाही यातून आलेली ती सवय असते. मुले आरडाओरडा करून मिळवतात, कर्ता पुरुष पैशाच्या बळावर मिळवतो, आणि ही व्यक्ती सर्वांच्या आनंदात आपला आनंद मानते असे आपण तिच्याच वतीने ठरवून टाकतो. देशाच्या न्यायाविषयी तावातावाने बोलणारा मनुष्य घरातील या अन्यायाकडे पाहत नाही, कारण तो फार लहान असतो. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात तेवढाच न्याय असतो. देशाचे कायदे करण्याची पाळी आपल्यावर येत नाही. घरातील चित्रपट ठरवण्याची पाळी मात्र दर सणाला येते.

जे घरात तेच परमुलखात. मराठी प्रदेशाबाहेर राहणाऱ्यांच्या पुढे एक निराळाच प्रश्न असतो : शेजाऱ्यांनी आपल्या भाषेतील चित्रपट पाहण्यास बोलावले तर जावे काय? कन्नड चित्रसृष्टीने गेल्या शतकातील साठीच्या दशकापासून परभाषी चित्रपटांच्या कन्नड ध्वनिमुद्रणाला विरोध केला. २०१५ साली स्पर्धा आयोगाने तो बहिष्कार बेकायदा ठरवला. आज वारा उलट वाहतो आहे. २ ऑक्टोबर २०२५ रोजी विजयादशमी आणि गांधीजयंती एकाच दिवशी आली. म्हैसुरात जंबूसवारीची मिरवणूक निघाली, आणि त्याच दिवशी ‘कांतारा : चॅप्टर १’ हा कन्नड चित्रपट हिंदीसह अनेक भाषांत प्रदर्शित झाला. अशा वेळी मराठी मनुष्य हिंदी आवृत्तीचे तिकीट काढून मोकळा होऊ शकतो. त्यात गैर काही नाही. परंतु शेजाऱ्याबरोबर मूळ कन्नड चित्रपटास गेला, अर्धे समजले, अर्धे शेजाऱ्याने कानात सांगितले, तर त्याला चित्रपट थोडा कमी कळेल आणि शेजारी पुष्कळ अधिक कळेल. हे कर्तव्य नव्हे. कर्तव्य म्हणून पाहू नये हे जर आपल्या भाषेबाबत खरे, तर दुसऱ्याच्या भाषेबाबतही ते खरेच. ते केवळ कुतूहल आहे. आणि परमुलखात राहणाऱ्याने आपले कुतूहल गमावले तर तो तेथे जन्मभर पाहुणाच राहतो.

तेव्हा त्या क्षुल्लक प्रश्नाला माझे उत्तर असे. कोणता चित्रपट पाहावा हे नीती सांगू शकत नाही. तो कसा ठरवावा एवढेच ती सांगते. जे पाहिले नाही त्याविषयी ‘असेल’ म्हणावे, ‘आहे’ म्हणू नये. ‘तुम्ही म्हणाल तो’ असे म्हणणाऱ्याला सर्वांत आधी आणि एकदा सोडून दोनदा विचारावे. आणि या खेपेस ज्याचे मत मागे पडले त्याची पाळी पुढच्या खेपेस पहिली असावी. चित्रपट अडीच तासांत संपतो, आणि दोन सणांनंतर त्याची कथाही आठवत नाही. परंतु तो ठरवताना कोणी आपले ऐकले आणि कोणी ऐकले नाही, हे मात्र माणसे फार काळ विसरत नाहीत.