जादा पकड कुणाची?

चाक रुतलं की माणसाला धर्म आठवतो, ही गोष्ट कर्णापासून चालत आलेली आहे. माझं म्हणणं एवढंच, की तो चाकं विकत घेतानाच आठवला तर बरं.

आमच्या शहापूर-मुरबाडकडे गाडी घेतली की आधी तिचे पाय बदलायचे, अशी हौस असलेली मंडळी आहेत. कंपनीची 14 इंची चाकं काढायची, 15 इंची अलॉय बसवायची, स्प्रिंगा आखूड आणि ताठ करायच्या. कशासाठी? तर गाडी वळणावर रस्ता धरून राहते! किन्हवलीहून सरळगावला जाताना वळणं मोजली, की गावाचं नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावीशी वाटते. तेव्हा हौस काही अगदीच अवाजवी नाही.

पण निसर्गाच्या दुकानात फुकट काही मिळत नाही. 165/80 मापाच्या टायरची बाजूची भिंत 132 मिलिमीटर उंच असते. एक इंच मोठ्या रिमवर 185/65 चढवला, की ती 120 वर येते. ही भिंत म्हणजे गाडीची पहिली स्प्रिंग. ती बुटकी झाली की वळणावर कमी वाकते, हे खरं. पण श्रावणातला खड्डा आधी रिमला भेटतो आणि मग आपल्या मणक्याला. डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं 1888 साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. तो टायर त्यानं बनवला होता मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. पोराचे हादरे कमी करणारी हवा आपण पैसे मोजून कमी करतो!

मुरबाडचा एक फिटर मला म्हणाला, "काका, पहिली हवा बघा, मग शॉकअप्सर, मग अलाइनमेंट. चाकं काय, कुठं पळून जातायत?" तत्त्वज्ञान शिकावं तर गॅरेजात.

खरा प्रश्न पुढेच आहे. समजा, सगळं नीट जमलं. जे वळण गाडी 40 च्या वेगानं जेमतेम घ्यायची, ते आता 45 नं घेते. ही जादा पकड कुणाची? माझी म्हणावी, तर मी 45 नं जाणार. पण वेग 5 नं वाढला की वळणावर टायरकडे सव्वापट पकड मागितली जाते. म्हणजे घेतलेली सगळी खर्च, शिल्लक शून्य. हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. 1980 च्या दशकात म्यूनिकमध्ये काही टॅक्सींना न घसरणारे ब्रेक बसवून पाहिले. अपघात काही घटले नाहीत. चालक मात्र अधिक जोरात हाकू लागले.

आमच्या वळणापलीकडे मोळी घेतलेली कातकरी बाई असते, शाळेची पोरं असतात, पौषात म्हशाच्या जत्रेतले बैल असतात. माझ्या स्प्रिंगांची जाहिरात त्यांच्यापैकी कुणीही वाचलेली नसते. म्हणून मला वाटतं, पैसे मी भरले तरी जादा पकड त्यांची. माझ्याकडे ती नुसती ठेव.

"मग 40 नंच जायचं, तर पैसे कशाला घालवले?" असं आमचे शेजारी विचारतात. आता मला सांगा, विम्याचे हप्ते वाया जाऊ नयेत म्हणून कुणी मरायची घाई करतं का?