अर्धशिशी आणि निसर्गाचा न्याय

शरीराची प्रत्येक व्यथा ही निसर्गनियमांच्या उल्लंघनाची शिक्षा होय, हा विचार गेल्या शतकात ज्या भूमीत विशेष निष्ठेने आचरिला गेला ती वर्ध्याच्या परिसराची भूमी होय. आणि त्याच भूमीत, वर्ध्यातल्या मगनवाडीपासून थोड्याच अंतरावर असलेल्या सिंदी मेघे या गावी, वैशाखातल्या दुपारी ज्याच्या अर्ध्या कपाळात ठणका सुरू होतो, त्याला त्या विचारासमोर उभे राहून विचारावेच लागते की, मी असा कोणता गुन्हा केला?

1935 साली गांधीजींचा मुक्काम मगनवाडीत असताना महादेवभाई देसाई, मीराबेन व त्यांचे सोबती बादल्या व फावडी घेऊन सकाळी सिंदीच्या वाटांवरील मैला उचलावयास येत असत. रोगाचे मूळ घाणीत आहे, आणि घाण काढणे हाच पहिला इलाज होय, ही त्यांची श्रद्धा होती; तिच्यात असत्य असे काहीच नव्हते. परंतु घाणीतून उद्भवणाऱ्या पटकीविषयी जे खरे, ते डोकेदुखीविषयीही खरे मानावे काय, हा प्रश्न मात्र तितका सोपा नाही.

गांधीजींचा स्वतःचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. जोहान्सबर्गला असताना त्यांचे डोके वरचेवर दुखे; इंग्लंडमध्ये न्याहारीत्यागाचा पुरस्कार करणारी एक मंडळी आहे असे वाचनात आल्यावर त्यांनी न्याहारी सोडली, आणि काही दिवस जड गेले तरी डोकेदुखी पार थांबली. पुढे जर्मन निसर्गोपचारक आडोल्फ युस्ट यांच्या पुस्तकावरून त्यांनी मातीचा प्रयोग आरंभिला, आणि 1942 साली आगाखान महालात स्थानबद्ध असताना लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात, डोक्यावर मातीची पट्टी ठेवल्याने बहुतेक वेळा दुखणे शमते, असा शेकडो माणसांवरील अनुभवाचा दाखला दिला. माती फार चिकटही नसावी, फार रेताडही नसावी. खत न पडलेल्या जागेची असावी. ती चाळून थंड पाण्यात भिजवावी आणि विरविरीत फडक्यावर पसरून ठेवावी. विशेष हे की, पट्टीने दुखणे तेवढ्यापुरते थांबते, असे ते स्वतःच प्रांजळपणे नमूद करतात.

ही पट्टी ज्याने कधी कपाळावर घेतली असेल त्याला तिचा गुण पुस्तकावरून पटवून द्यावा लागत नाही. ओल्या मातीचा गारवा प्रथम भुवयांवर उतरतो, मग डोळ्यांच्या खोबणीतली आग हळूहळू ओसरते. खोलीत अंधार असावा, दारावर ओले पोते टांगलेले असावे, आणि भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून स्वयंपाकघरातल्या माणसाने जपावे, एवढे जुळून आले की निम्मे दुखणे हलके होते. आमच्याकडे कोणी सुंठ उगाळून लेप लावतात, कोणी जायफळाचा. कोणी भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी हुंगावयास देतात, तर वैद्य नाकात तूप सोडावयास सांगतात. आयुर्वेदाने अर्धावभेदक म्हणून अर्धशिशी वेगळी ओळखली, आणि सूर्याबरोबर चढणाऱ्या व माध्यान्हीनंतर उतरणाऱ्या शिरोव्यथेला सूर्यावर्त म्हटले, यावरून त्या निरीक्षकांची दृष्टी किती सूक्ष्म होती हे दिसते.

तथापि गांधीजींचे डोके जिने बरे झाले ती गोष्ट, म्हणजे एक वेळचे अन्न टाळणे, अर्धशिशीच्या पुष्कळ रोग्यांना नेमकी उलट फळते. उपास, मोडलेली झोप, तळपते ऊन, उग्र वास, स्त्रियांच्या बाबतीत मासिक धर्माचे दिवस, यांपैकी कोणतेही निमित्त त्यांना पुरते. हा विकार पुष्कळदा वारशाने येतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटी-तिपटीने अधिक आढळतो. जी बाई पहाटे उठते, मिताहारी आहे, व्यसन जाणत नाही, तिच्या कपाळात दर महिन्याला घण पडतात, आणि रात्र रात्र जागणारा तिचा शेजारी मात्र खुशाल असतो. मग निसर्गाच्या दरबारात फैसला कोणत्या कलमान्वये होतो? निसर्गात कार्यकारणभाव आहे हे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु कारण आणि अपराध या दोन गोष्टी एकच मानणे हा मला त्या थोर विचारातील खरा दोष वाटतो, आणि तो किरकोळ नाही, कारण त्याचा भार अगोदरच वेदनेने वाकलेल्या माणसावर पडतो.

या भाराची झळ हा विचार आचरणाऱ्या मंडळींच्या घरातही पोहोचली होती. 12 जानेवारी 1924 रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आजारपण हे आपल्या विचारातील उणिवेचे फळ होय अशी खंत त्यांनी बाळगली. 1944 च्या फेब्रुवारीत कस्तुरबांसाठी पेनिसिलिन आणविले गेले असता सुया टोचण्यास गांधीजींनी रुकार दिला नाही, आणि 22 तारखेला बा गेल्या. विनोबांना 1952 च्या अखेरीस चांडिल येथे मलेरियाने ग्रासले असता त्यांनीही प्रथम औषध नाकारले. लोकांच्या आर्जवानंतर ते घेतले. आज सेवाग्रामला 1969 साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय कस्तुरबांच्या नावाने, तर सावंगी मेघेचे रुग्णालय विनोबांच्या नावाने चालते, आणि तेथे रोज हजारो सुया टोचल्या जातात. यात त्या दोघांच्या श्रद्धेचा अवमान झाला असे मला वाटत नाही. उलट रोग्याविषयीची त्यांची कळकळच त्या इमारतींत वावरते.

कारण निसर्गोपचारातील चिरस्थायी अंश माझ्या मते दंडाच्या कल्पनेत नसून सेवेत आहे. अर्धशिशीने आंधळा झालेला माणूस स्वतः माती कालवू शकत नाही. ती दुसऱ्याच कोणाला कालवावी लागते. सेवाग्रामात कुष्ठपीडित परचुरेशास्त्रींच्या अंगाला गांधीजी स्वतःच्या हातांनी मालिश करीत, तेव्हा त्या हातांत रोग्याच्या पूर्वायुष्याची झडती नव्हती. म्हणून सुंठ, माती, वेळेवर जेवण, पुरेसे पाणी आणि ठरलेली झोप यांचा मी आग्रह धरीन. वेदनाशामक गोळ्या महिन्यातून दहा-पंधरा दिवस घेत राहिल्यास त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागते, हेही सांगेन. परंतु एकाएकी कधी नव्हे असा प्रचंड ठणका उठला, तापासह मान ताठली, किंवा हात वा पाय लुळा पडला, तर मातीची पट्टी बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे.

राहता राहिला उपासाच्या दिवशी औषध घ्यावे काय हा व्रताचा प्रश्न, जो आमच्या घरोघरच्या बायकांना आषाढीला पडतो. आपल्या धर्मशास्त्राने तो फार पूर्वी, आणि फार उदारपणे, निकालात काढलेला आहे. ज्यांच्या सेवनाने वा पालनाने व्रताचा भंग होत नाही अशा आठ गोष्टी ते मोजते: पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. तेव्हा सिंदीतली जी बाई एकादशीच्या सकाळी कपाळ ठणकू लागताच कपभर दूध घेऊन त्याबरोबर डॉक्टरांनी दिलेली गोळी घेते, तिचे व्रत शास्त्राच्याच शब्दावर अखंड आहे, आणि तिला त्याबद्दल सासूची किंवा देवाची क्षमा मागण्याचे कारण नाही.