भिंतीवरचा वाघ, रानातला वाघ



चंद्रपूर आणि बल्लारशा या रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर ताडोब्यातील वाघ व इतर वन्यप्राणी रंगविले गेले. २०१८ साली रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक सजावट स्पर्धेत या दोन स्थानकांना मिळून देशात पहिले बक्षीस मिळाले. आता गावोगावच्या शाळा-कचेऱ्यांच्या भिंतींवरही 'जंगल वाचवा, वाघ वाचवा' अशी चित्रे दिसतात. गाडीची वाट पाहणारे लेकरू त्या चित्राकडे बोट दाखवून नाव विचारते. ही गोष्ट लहान नाही. ज्याचे नावही ठाऊक नाही, त्याच्या जाण्याचे दुःख कोणाला होणार?

तरीही एक प्रश्न उरतो. भिंतीवरच्या वाघाचे कौतुक केल्याने रानातल्या वाघाविषयीचे आपले कर्तव्य पुरे होते का?

प्रतिमेविषयीचा हा प्रश्न ख्रिस्तसभेच्या ओळखीचा आहे. आठव्या शतकात पवित्र प्रतिमांवरून मोठा वाद पेटला, प्रतिमा फोडल्या गेल्या. ७८७ साली नायसिया येथील दुसऱ्या धर्मसभेने निर्णय दिला. संत बेसिल यांच्या विचाराचा आधार घेऊन सभेने शिकविले, की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही. ती ज्याची आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचतो. वाघ काही संत नव्हे, आणि त्याची कोणी भक्तीही करायची नाही. पण ही कसोटी येथेही लागू पडते. चित्राचे कौतुक ज्याचे चित्र आहे त्याच्यापर्यंत पोहोचते का, की रंगातच जिरून जाते?

आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे अजिंठ्याची लेणी आहेत. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी त्या दरीत आला आणि त्याला ती लेणी दिसली. तेथील भिंतींवर सहा सुळ्यांच्या हत्तीची कथा रंगविलेली आहे. राणीच्या हट्टापायी शिकारी त्या हत्तीचे सुळे कापून नेतो आणि ते पाहताच राणी पश्चात्तापाने प्राण सोडते. या चित्रांची निगा राखण्यासाठी पुढच्या काळात केवढे परिश्रम घेतले गेले! आणि ज्याच्या मागावर साहेब आला होता, त्या वाघाची निगा कोणी राखली?

आता आपल्या दारातली गोष्ट. जून २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्याने त्याचा मार्ग कळत होता. तेलंगणात शिरून, पुन्हा महाराष्ट्रात येऊन, शेते, नाले आणि रस्ते ओलांडत तो १,३०० किलोमीटरहून अधिक चालला आणि डिसेंबरमध्ये आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. जेमतेम २०५ चौरस किलोमीटरच्या या रानात त्याला जोडीदारीण नव्हती. वर्तमानपत्रांत त्याचे कौतुक झाले. पण रानालगतच्या गावांत त्याच बातमीने धास्ती भरली. जागलीला कोणी जायचे? गोठ्याचे दार कसे बंद करायचे?

येथे काहीजण विचारतात, "फादर, आधी माणूस की वाघ?" मला वाटते, प्रश्न असा मांडण्यातच चूक आहे. खरा प्रश्न माणसामाणसांमधला आहे. वाघ असल्याचा आनंद एकाने घ्यायचा आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजायची, हा न्याय आहे का? शहरातला माणूस भिंतीपुढे उभा राहून फोटो काढतो. रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून ओलितासाठी अंधारात शेतात जातो तो शेतकरी. गाय मारली जाते ती गुराख्याची. रानडुकरांपासून पीक वाचवायला कुंपणात वीज सोडली जाते आणि त्या तारेने विदर्भात वाघ मेले आहेत, माणसेही मेली आहेत. वीज सोडणे चूकच. पण त्या शेतकऱ्याला एकटे सोडणारे आपण सगळे निर्दोष आहोत का? त्याला दिवसा वीज मिळावी, नुकसानभरपाई वेळेवर मिळावी, यासाठी आपण कधी अर्जावर सही केली आहे का?

दुसरी गोष्ट. भिंतीवर वाघ येतो, कारण तो देखणा आहे. रानपिंगळा कोण काढणार? साळुंकीएवढे हे लहानसे घुबड १८८४ नंतर कोणाच्या नजरेस पडले नाही. ते नामशेष झाले असेच मानले जात होते. तब्बल ११३ वर्षांनी, १९९७ साली, ते नंदुरबारच्या बाजूला पुन्हा सापडले. मेळघाटातही ते आढळते, आणि आपल्या जिल्ह्यातील अंबाबरवा अभयारण्य त्याच मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. घुबड म्हटले की आपल्याकडे अपशकुन! पण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने पाखरे आणि श्वापदे निर्माण केली व ती चांगली आहेत असे पाहिले, तेव्हा मनुष्य अजून निर्माणही झाला नव्हता. म्हणजे त्यांचे चांगलेपण आपल्या आवडीनिवडीवर ठरलेले नाही.

आपल्या युवकांनी चर्चच्या कुंपणभिंतीवर वन्यजीवांची चित्रे काढण्याची इच्छा व्यक्त केली आहे. त्यांनी ती जरूर काढावीत. मात्र दोन विनंत्या आहेत. वाघाशेजारी रानपिंगळ्यालाही जागा द्यावी. आणि ब्रश हाती घेण्यापूर्वी रानालगत शेती करणाऱ्या आपल्या कुटुंबांकडे एक संध्याकाळ जाऊन बसावे, त्यांना काय सोसावे लागते ते ऐकावे. बोथ्याच्या रस्त्याने खामगावला जाताना आपण अभयारण्यातून जातो. तेथे गाडीचा वेग कमी करणे हे तर आपल्यापैकी प्रत्येकाला जमेल. भिंतीवरच्या चित्राला दिलेला मान रानापर्यंत पोहोचतो, तो अशाच वाटांनी.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू