वारसा आणि ऋण

‘वारसा’ हा शब्द अलीकडे आपल्या तोंडी फार बसला आहे. गडकोटांचा वारसा, संतवाङ्मयाचा वारसा आणि दक्षिणेत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या आम्हां मंडळींच्या तोंडी तंजावरचा वारसा. केंद्र सरकारच्या कचेरीत कागद पुढे सरकविता सरकविता आम्हांस मात्र या शब्दाची दुसरी बाजूही परिचयाची झाली आहे. मृत कर्मचाऱ्याच्या ग्रॅच्युइटीतून सरकारी देणे आधी वळते होते. उरेल ते वारसाच्या हाती पडते. येणे तेवढे मागावे आणि देण्याकडे पाठ फिरवावी, अशी सोय तेथे नाही. जो न्याय चार पैशांना, तो संस्कृतीला लागू नसावा काय?

तंजावरी हा प्रश्न दगडावरच कोरलेला आहे. बृहदीश्वराच्या मंदिरात गेलेला मराठी माणूस भोसले वंशाचा तो प्रदीर्घ मराठी शिलालेख शोधून काढतो. सरफोजीराजांनी १८०३ साली तो कोरविला. तो पाहताना ऊर अभिमानाने भरून यावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु याच मंदिराच्या भिंतीवर त्याहून आठ शतके जुना, राजराज चोळाच्या काळचा एक तमिळ लेख आहे. मंदिराच्या सेवेसाठी ठिकठिकाणच्या देवळांतून आणविलेल्या चारशे स्त्रियांची नावे त्यात आहेत. कोण कोणत्या देवळातून आली, तिचे घर कोणत्या रांगेत, याचीही नोंद आहे; आणि प्रत्येकीस वर्षाकाठी धान्याचा ठराविक वाटा लावून दिलेला आहे. म्हणजे ज्या राजाने हे प्रचंड शिखर उभारले, त्याने नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रियांचे देणे नावानिशी लिहून ठेवले होते. पुढे ती नावे वाचण्याची सवय समाजास राहिली नाही.

व्यंकोजीराजांपासून चालत आलेले मराठी राज्य सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणापासून १८५५ पर्यंत येथे नांदले. शहाजीराजांनी नाटके रचिली, तुळजाराजांच्या नावे ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ आहे, सरफोजीराजांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू या चार बंधूंनी नृत्याला घाट दिला. हे सर्व आपण सांगतो. त्या रचना ज्यांनी पायांत आणि गळ्यात वागविल्या, त्या स्त्रिया कोण होत्या, हे मात्र सांगत नाही. १८५५ मध्ये शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. ज्या घराण्यात पुत्र हाच वारस, ते राज्य असे संपले. त्याच दरबाराशी बांधलेल्या एका घरात मात्र वारसा लेकींच्या हाती होता, आणि तो संपला नाही.

ते घर वीणा धनम्माळ यांचे. त्यांची आजी कामाक्षी ही तंजावर दरबारची नर्तकी, आई सुंदरम्माळ गायिका. दरबार मावळल्यावर हे घराणे मद्रासेत स्थिरावले आणि तेथे १८६७ साली धनम्माळ यांचा जन्म झाला. वीणा वाजविता वाजविता त्या स्वतः गात. तारांवर नखी न चढविता उघड्या बोटांनी वाजविण्याची त्यांची पद्धत होती, त्यामुळे नाद इतका हळुवार की, ऐकणाऱ्याने जवळ यावे आणि श्वासही जपून घ्यावा. जॉर्जटाउनमधील त्यांच्या घरी शुक्रवारी सायंकाळी बैठक होई. तेथे मोठमोठे विद्वान निमूटपणे येऊन बसत. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्यासारखा उत्तरेकडील गवईही त्यांच्या वादनाचा चाहता होता. क्षेत्रय्यांची पदे, श्यामाशास्त्री व मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्या कृती या घरात जशा जपल्या गेल्या, तशा फार थोड्या ठिकाणी जपल्या गेल्या असतील. उतारवयात दृष्टी अधू झाली, पैशाची ओढ सुटली नाही. तथापि श्रोत्यांच्या सोयीसाठी त्यांनी आपला नाद मोठा केला नाही. १९३८ साली त्या वारल्या.

याच काळात बाहेर काय चालले होते? १८९२ पासून मद्रासेत नाचाविरुद्ध चळवळ सुरू झाली होती. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी देवास मुली वाहण्याच्या प्रथेविरुद्ध झुंज दिली आणि १९४७ मध्ये कायदा झाला. त्यांची स्वतःची आई याच समाजातली होती, तेव्हा प्रथेतील दुःख त्यांना कुणी शिकवावयास नको होते. कोवळ्या मुलीचे आयुष्य तिला न विचारता ठरविणारी रूढी मोडली, हे योग्यच झाले. परंतु त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. जुने ‘सदिर’ हे नाव टाकून ‘भरतनाट्यम्’ हे नाव रूढ झाले, कला सभागृहात आली, प्रतिष्ठित घरच्या मुली ती शिकू लागल्या. आणि जिच्या घरून ती आणली तिचे नाव घेण्याची लाज वाटू लागली. ठेव उचलली आणि ठेवणारीस ओळख दिली नाही. धनम्माळ यांची नात तंजावर बालसरस्वती हिला १९७७ मध्ये पद्मविभूषण मिळाले खरे. पण एका तेजस्वी नातीला मिळालेला मान म्हणजे साऱ्या समाजाची झालेली परतफेड नव्हे.

असा प्रसंग एकट्या तंजावरवर आला असे नाही. दूर आयर्लंडात जुने सरदार बुडाले, तशी हार्प हे तंतुवाद्य वाजवून गाणारी मंडळी निराधार झाली. त्यांतला प्रसिद्ध अंध वादक कॅरोलन १७३८ साली वारला. पुढे १७९२ मध्ये बेलफास्ट येथे उरलेले वादक जमले, तेव्हा एडवर्ड बंटिंग या तरुणाने त्यांचे स्वर लिहून घेतले. ते स्वर जगभर गेले. पण त्या वृद्ध वादकांची परंपरा काही त्यामुळे पुन्हा जिवंत झाली नाही. आणि इतके दूर तरी कशाला जावे? केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या ज्या कलावंत समाजातून आल्या, त्याचा उल्लेख करताना आपणही आवाज खाली आणतोच की नाही?

यावर कोणी म्हणेल, “हे आम्ही केले नाही, आमच्या जन्मापूर्वीचे ऋण आमच्या माथी का?” प्रश्न रास्त आहे. बापाचे कर्ज मुलाने फेडावे, असे आपले धर्मशास्त्र सांगत आले. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यातून ती धार्मिक सक्ती निघाली, आणि निघाली ते बरेच झाले. सावकाराच्या पाशात नातवंडे सापडू नयेत. पण ज्याला देणे नको, त्याने दौलतही आपली म्हणू नये, इतके तरी नीती सांगतेच. सरफोजीराजांच्या दरबाराचा मोठेपणा आपण आज अंगावर मिरविणार असू, तर त्या दरबाराच्या नर्तकीला ‘ती तसल्यांतली’ म्हणून वगळण्याचा अधिकार आपणांस उरत नाही. अभिमान दोनशे वर्षे मागे जातो, मग उत्तरदायित्वानेच आपल्या जन्मतारखेशी का थांबावे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ऋण मानणे म्हणजे त्या प्रथेचे गोडवे गाणे नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. दरबाराने त्यांना पोसले आणि दरबारानेच त्यांना बांधले. दोन्ही खरे आहे. कलेच्या मोहाने बंधनावर पांघरूण घालणे जितके अप्रामाणिक, तितकेच बंधनाच्या तिटकाऱ्याने त्या स्त्रियांची बुद्धी, मेहनत आणि स्वाभिमान पुसून टाकणे अप्रामाणिक. दया दाखविणे सोपे असते. ज्यांच्यापासून आपण शिकलो त्यांना शिक्षक म्हणणे अवघड जाते, आणि खरी परतफेड तेथेच सुरू होते.

ती फार खर्चाची नाही. तंजावरचा इतिहास लिहिताना राजांच्या नावांशेजारी कामाक्षी आणि सुंदरम्माळ यांची नावे यावीत. मुलीला पद शिकविताना ते कोणत्या घरातून आले, हे सांगावे. आणि बृहदीश्वराच्या मंदिरात आपल्या मुलाबाळांना मराठी लेख दाखवून झाल्यावर त्यांना त्या चारशे नावांपुढेही न्यावे. लिपी वाचता येणार नाही. पण येथे कोणाची नावे आहेत आणि ती कशासाठी कोरली, एवढे सांगण्यास तमिळ यावयास हवी असे नाही.