पडद्यावरचा लाल ठिपका

घराला आशीर्वाद देण्याचा विधी आटोपला, चहा झाला, आणि ज्या गोष्टीसाठी यजमानांनी आम्हांला आग्रहाने थांबवून घेतले होते ती गोष्ट मग निघाली. मुळशी तालुक्यात पिरंगुटच्या बाजूला नव्याने वसलेले हे कुटुंब मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातले. थोरला मुलगा सैन्यात आहे. तो सुटीवर आला होता आणि त्याच्या मनात काही सलत होते.

हा मुलगा आता ‘उस्ताद’ झाला आहे, म्हणजे इतर जवानांना शिकवतो. पूर्वी तो गाडी चालवायला शिकवीत असे; आता गाडीत बसवलेला संगणक चालवायला शिकवतो. लष्कराची गुपिते त्याने सांगितली नाहीत आणि आम्हीही विचारली नाहीत. जे सर्वांना ठाऊक आहे तेवढेच त्याने समजावून दिले. चिलखती गाडीत एक पडदा असतो. त्यावर नकाशा उमटतो. आपल्या गाड्यांचे ठिपके निळे, शत्रूचे लाल. एका गाडीने केलेली नोंद रेडिओवाटे क्षणात सर्व गाड्यांच्या पडद्यांवर दिसते. सेनाधिकाऱ्याचा हुकूमही त्याच वाटेने येतो.

“फादर,” तो म्हणाला, “सरावात एका पोराने पडद्यावर लाल खूण केली. त्याने स्वतः काही पाहिलं नव्हतं. रेडिओवर अर्धवट ऐकलं होतं. बाकीच्यांनी त्या खुणेवर विश्वास ठेवून ‘मारा’ केला. नंतर कळलं, ती आपलीच दुरुस्तीची गाडी होती. सराव होता म्हणून कुणाला काही झालं नाही. पण तो पोरगा वर्गात सगळ्यांत चपळ. त्याला मी शाबासकी देत आलो होतो. खरं युद्ध असतं तर पाप कुणाचं? खूण करणाऱ्याचं, गोळा डागणाऱ्याचं, की शिकवणाऱ्या माझं?”

प्रश्न ऐकून आम्ही गप्प झालो. उत्तर देण्याची घाई करावी असा तो प्रश्न नव्हता. त्या दिवशी जे थोडेफार बोललो आणि नंतर जे सुचत गेले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण हा प्रश्न केवळ सैनिकाचा नाही असे आम्हांला वाटते.

आपल्या देशात अशी साधने आता नवलाईची राहिलेली नाहीत. तोफखान्याच्या माऱ्याचे नियोजन करणारी ‘शक्ती’ ही संगणकप्रणाली आपल्याच शास्त्रज्ञांनी घडवली. हवाई संरक्षणासाठी ‘आकाशतीर’ या प्रणालीचा 1,982 कोटी रुपयांचा करार भारत इलेक्ट्रॉनिक्सशी मार्च 2023 मध्ये झाला, आणि मे 2025 मधील संघर्षात तिचा उपयोगही झाला. रणगाड्यांच्या दलाचे शिक्षणकेंद्र अहिल्यानगरला आहे, तोफखान्याचे देवळालीला. महाराष्ट्रातील कित्येक घरांतून, आणि त्यांत आपल्या ख्रिस्ती घरांतूनही, मुले या शिक्षणाला जातात. तेव्हा त्यांच्या हाती कोणते साधन येते आणि त्या साधनाचा त्यांच्या मनावर काय परिणाम होतो, याचा विचार करणे आपले कर्तव्यच ठरते.

प्रथम त्या ठिपक्यांचेच पाहू. निळा ठिपका आणि लाल ठिपका पडद्यावर सारखेच ठसठशीत दिसतात, पण त्यांची जात एक नाही. निळा ठिपका गाडी स्वतः पाठवते. उपग्रहाच्या साहाय्याने आपण कोठे आहोत हे ती सतत कळवीत असते. शत्रू मात्र आपला पत्ता कळवीत नाही. म्हणून लाल ठिपका बहुधा कोणीतरी पाहून, ऐकून किंवा तर्क करून ठेवलेला असतो. ‘अमुक ठिकाणी शत्रू आहे’ असे आपण वाचतो. वस्तुतः त्याचा अर्थ ‘अमुक वेळी अमुक माणसाला तेथे शत्रू असल्यासारखे वाटले’ इतकाच असतो. पाच मिनिटांपूर्वीची बातमी आणि तासापूर्वीची बातमी यांत जीवनमरणाचे अंतर असते. काही प्रणालींत म्हणूनच जुन्या नोंदीची खूण हळूहळू फिकट होत जाते. यंत्र घडवणाऱ्यांनाही ठाऊक आहे की लाल ठिपका ही वस्तुस्थिती नाही. ती साक्ष आहे.

साक्ष हा शब्द उच्चारला की आपण परमेश्वराच्या आज्ञांच्या प्रदेशात येतो. ‘खून करू नको’ ही पाचवी आज्ञा आणि खोटी साक्ष देण्यास मनाई करणारी आठवी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात वेगवेगळ्या शिकलो. या पडद्यावर त्या एकत्र येतात. येथे साक्षीचे रूपांतर काही क्षणांत मृत्यूत होऊ शकते.

जुन्या करारातील अनुवादाच्या सतराव्या अध्यायात मृत्युदंडाविषयी दोन नियम आहेत. पहिला असा की एकाच साक्षीदाराच्या शब्दावर कोणाचा प्राण घेऊ नये; दोन किंवा तीन साक्षीदार असावेत. दुसरा नियम अधिक कठोर आहे. दोषी ठरलेल्या माणसावर पहिला हात साक्षीदारांनीच उचलावा असे तेथे सांगितले आहे. आजच्या संवेदनेला ही शिक्षा क्रूर वाटते आणि ख्रिस्तसभेनेही मृत्युदंडाकडे पाठ फिरवली आहे. परंतु नियमामागचा हेतू ध्यानात घ्यावा. साक्ष देऊन बाजूला होण्याची मुभा कोणाला नव्हती. तुझ्या शब्दाने माणूस मरणार असेल तर त्याचा चेहरा पाहून, त्याच्यासमोर उभा राहून तो शब्द उच्चार, असे ते बंधन होते.

नव्या यंत्राने नेमके हेच बंधन सैल केले आहे. खूण करणारा एका टेकडीआड असतो, निर्णय घेणारा दुसऱ्या गाडीत, गोळा डागणारा तिसरीकडे. प्रत्येकाला वाटते, आपण केवळ आपला वाटा उचलला. माहिती सर्वांत वाटली गेली, यात नवल नाही. यंत्र त्याचसाठी आहे. माहितीबरोबर जबाबदारीही वाटली गेली आणि वाटता वाटता कोणाच्याच हाती उरली नाही, असे मात्र होता कामा नये.

हे भय काल्पनिक नाही. 3 जुलै 1988 रोजी इराणच्या आखातात अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले. 290 माणसे गेली; त्यांत 66 मुले होती आणि 10 भारतीयही होते. त्या नौकेवर त्या काळची अत्याधुनिक संगणकप्रणाली होती. विमान वर चढत असल्याची नोंद त्या प्रणालीने बरोबर केली होती. पण हल्ला होणार या धास्तीने पछाडलेल्या माणसांना ते आपल्यावर झेपावत आहे असेच वाटले. यंत्र खरे सांगत होते आणि माणसांनी जे अपेक्षिले तेच पाहिले.

आपल्या घरचे उदाहरण अधिक बोचणारे आहे. 27 फेब्रुवारी 2019 रोजी काश्मीरमधील बडगाम येथे आपल्या हवाई दलाचे हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. हवाई दलाचे सहा जण आणि एक स्थानिक नागरिक मरण पावला. त्या सहांत नाशिकचा एक तरुण अधिकारी होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी ही आपली मोठी चूक होती असे उघडपणे मान्य केले. चूक मान्य करण्याचे हे धैर्य आम्हांला आदरणीय वाटते. पण त्या घरांतील रिकाम्या जागा कोणत्या धैर्याने भरणार?

याउलट एक उदाहरण 26 सप्टेंबर 1983 च्या रात्रीचे. सोव्हिएत संघाच्या इशारा देणाऱ्या यंत्रणेने अमेरिकेतून क्षेपणास्त्रे सुटल्याचे दाखवले, आधी एक, मग आणखी चार. त्या पाळीवरील अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी विचार केला, कोणी महायुद्ध पाच क्षेपणास्त्रांनी सुरू करील काय? जमिनीवरील रडारचाही दुजोरा नव्हता. त्यांनी तो इशारा खोटा असल्याचे वर कळवले, आणि तो खोटाच होता. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत पहिल्याच्या शब्दावर प्राण घेऊ नये, हा मोशेच्या काळचा नियम त्या रात्री एका माणसाने पाळला.

आपल्या पवित्र शास्त्रात दानिएलच्या ग्रंथात सुसान्नाची कथा आहे. दोन वडीलधाऱ्यांनी तिच्यावर खोटा आळ घेतला आणि लोक तिला मारण्यास घेऊन निघाले. तरुण दानिएलने सर्वांना थांबवले, दोघांना वेगवेगळे केले आणि एकच साधा प्रश्न विचारला: कोणत्या झाडाखाली? एकाने एक झाड सांगितले, दुसऱ्याने दुसरेच. येथे साक्षीदार दोन होते, तरीही विचारपूस आवश्यक ठरली. आमच्या मते सैनिकी शिक्षणात हा दानिएल वर्गात असलाच पाहिजे. कोणी पाहिले? केव्हा पाहिले? कोठून पाहिले? हे तीन प्रश्न बटणांइतकेच पाठ झाले पाहिजेत.

येथे कोणी म्हणेल, फादर, तुम्ही झगा घालून वेदीपुढे उभे राहता; रणांगणावर विचारपूस करायला वेळ कोठे असतो? आक्षेप खरा आहे. क्षणाचा विलंब झाला तर आपलेच सोबती मरतील, आणि त्यांचे रक्षण करणे हेही सैनिकाचे कर्तव्य आहे. ख्रिस्तसभेने सैनिकाचा धंदा कधी त्याज्य मानला नाही. यार्देनेच्या तीरी सैनिक संत योहानकडे आले आणि ‘आम्ही काय करावे’ असे त्यांनी विचारले, तेव्हा योहानने त्यांना शस्त्रे टाका असे सांगितले नाही. त्याने सांगितले की कोणाला लुबाडू नका, आपल्या वेतनात तृप्त असा, आणि कोणावर खोटा आरोप करू नका. सैनिकाला दिलेल्या मोजक्या उपदेशांत खोट्या आरोपाचा उल्लेख असावा, हे आम्हांला पूर्वी तितकेसे उमगले नव्हते. आता त्या लाल ठिपक्यामुळे उमगले.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1965 साली ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात देशाचे रक्षण करणाऱ्या सैनिकांचा गौरव केला. त्याच दस्तऐवजात असेही बजावले की अन्याय्य हुकूम डोळे मिटून पाळणाऱ्याला आज्ञापालनाची सबब पुरत नाही. आणि 14 जून 2024 रोजी इटलीत जी-7 राष्ट्रांच्या नेत्यांपुढे बोलताना पोप फ्रान्सिस यांनी स्पष्ट केले की माणसाचा जीव घेण्याचा निर्णय कोणत्याही यंत्रावर कधीही सोपवू नये. गाडीतील पडदा अजून निर्णय घेत नाही, माणूसच घेतो. पण पडद्यावर दिसले म्हणून विचार न करता जो कळ दाबतो, त्याने तो निर्णय मनोमन यंत्रावर सोपवलेलाच असतो.

वेळेच्या आक्षेपाला उत्तर असे, की विचारपूस करण्याची सवय युद्धात लागत नाही, ती शांततेत लावावी लागते. संत थॉमस अक्वायनस यांनी सद्गुणाला मुरलेली सवय म्हटले आहे. सुजाण माणूस संकटात लांबलचक विचार करीत नाही. आधी केलेला विचार त्याच्या हातात उतरलेला असतो. प्रशिक्षण म्हणजे दुसरे काय? जो हात शंभर वेळा प्रश्न विचारून मग खूण करायला शिकला, तो घाईतही प्रश्न गाळणार नाही. जो हात केवळ चपळाईसाठी शाबासकी मिळवीत आला, तो घाईत चपळाईच करील.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही अज्ञानाचे दोन प्रकार शिकलो: जे टाळता येण्याजोगे नव्हते ते, आणि जे थोड्या प्रयत्नाने टाळता आले असते ते. पहिल्यात दोष नाही, दुसऱ्यात आहे. गोळा डागणाऱ्यास खूण खोटी आहे हे कळण्याचा मार्गच नसेल तर त्याचा दोष हलका. खूण करणाऱ्याला विचारता आले असते. त्याने विचारले नाही. आणि शिकवणाऱ्याने वेगाला गुण दिले, खरेपणाला दिले नाहीत, तर त्या खुणेवर त्याचेही बोट आहे. असे आम्ही त्या मुलाला सांगितले. त्याचा चेहरा उतरला. मग आम्ही म्हणालो, “बाळा, तुला हा प्रश्न सरावातच पडला, ही देवाची कृपा समज. तुझ्याकडे अजून वेळ आहे.”

ज्या मुळशीत हे बोलणे झाले तेथेच 1921 ते 1924 या काळात धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह झाला आणि पारनेरच्या पांडुरंग महादेव बापट यांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले. धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांचे सर्व मार्ग आम्हांला मान्य होतील असे नाही. पण जे करायचे ते स्वतःच्या नावाने, उघडपणे, आणि त्याचा दंड स्वतः भोगून, ही त्यांची रीत होती. ज्याला सेनापती म्हणायचे त्याची ओळख आम्हांला येथे दिसते. कृत्य आणि कर्ता यांच्यात त्यांनी पडदा येऊ दिला नाही.

इतका वेळ ऐकत बसलेली त्या मुलाची आई तेव्हा म्हणाली, “लहानपणी हा कुणाची चहाडी घेऊन आला की मी एकच विचारायची, तू पाहिलंस की ऐकलंस?” मुलगा हसला. आम्हांला मात्र वाटले, अर्ध्या तासात आम्ही जे सांगितले ते या माउलीने एका वाक्यात सांगितले.

वाचकहो, लाल ठिपके केवळ रणांगणावर नसतात. मोबाइलवर आलेला निरोप न तपासता पुढे पाठवताना, मिस्सानंतर चर्चच्या अंगणात शेजाऱ्याविषयी कुजबुजताना, एखाद्या जातीवर वा धर्मावर सरसकट शिक्का मारताना आपणही कोणाच्या तरी नावापुढे लाल खूण करीत असतो. ती खूण पाहून दुसरा कोणी दगड उचलतो, आणि आपण म्हणतो, आम्ही तर काहीच केले नाही. सैन्यात जाणारा मुलगा ही सवय आधी घरात शिकतो. छावणीतील उस्ताद त्याला बटणे शिकवील. ‘तू पाहिलंस की ऐकलंस’ हा धडा मात्र आपल्याच स्वयंपाकघरात शिकवावा लागेल.

सीमेवर असलेल्या आपल्या मुलांना परमेश्वर सुखरूप ठेवो, आणि त्यांच्या हातून कोणा निरपराध्याचा घात न होवो. या दोन प्रार्थना आपण वेगळ्या करू नयेत.