माहूरची चढण आणि पुण्याचा प्रश्न

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या खोऱ्यातील सागवानी जंगलात वसलेल्या माहूर येथे रेणुका, दत्तात्रेय आणि अनसूया यांची स्थाने वेगवेगळ्या शिखरांवर आहेत. त्यामुळे येथील यात्रा मुळातच चढण्या-उतरण्याची आहे. वैशाखात तापणाऱ्या आणि श्रावणात निसरड्या होणाऱ्या पायऱ्या तुडवून वर पोहोचलेल्या भाविकाला पुण्य लाभते ते दर्शनाचे की कष्टांचे, हा प्रश्न जुनाच आहे. सप्तशृंगीला २०१८ मध्ये ट्रॉली आणि सौराष्ट्रातील गिरनारला २०२० मध्ये रोपवे सुरू झाल्यापासून त्याला नवी धार आली आहे.

कायाक्लेश, म्हणजे देहाला जाणूनबुजून दिलेला त्रास, हेच तप होय, अशी समजूत लोकमानसात खोल रुजली असली, तरी गीतेचा सतरावा अध्याय हट्टाने देह पिडणाऱ्या तपाला तामस ठरवतो. उंचीलाही स्वतःचे असे पावित्र्य नसावे, कारण लातूरकडील भाविक ज्या तुळजापूरला पायी जातात, तेथे भवानीसाठी पायऱ्या चढाव्या नव्हे, उतराव्या लागतात.

या प्रश्नावर माहूरची कथाच अधिक नेमके बोलते. परशुरामाने जमदग्नींचा देह आणि माता रेणुका यांना कावडीत, म्हणजे खांद्यावरील दांड्याच्या दोन टोकांना टांगलेल्या पारड्यांत, घालून येथे आणले. दत्तात्रेयांच्या मार्गदर्शनाखाली अंत्यविधी झाला आणि रेणुका सती गेली. पुढे आईसाठी व्याकूळ झालेल्या पुत्राला मागे न पाहण्यास बजावले असता त्याने मागे वळून पाहिले, म्हणून देवीचे केवळ मुखच भूमीवर प्रकटले, आणि गाभाऱ्यात आजही त्या मुखाचीच पूजा होते.

या कथेत चढणारा स्वतःच्या पुण्यासाठी चढत नाही, तो ओझे वाहतो. आणि पूजा होते ती वाहून आणलेल्या मातेची. तेव्हा डोलीतून किंवा पाळण्यातून वर जाणाऱ्या वृद्धेचे दर्शन उणे ठरवायला निदान माहूरच्या परंपरेत तरी आधार सापडत नाही. परशुराम कष्टांत कोठेही कमी पडला नव्हता. त्याला भोवली ती अधीरता. रोपवेवर आक्षेप घ्यायचाच झाला तर तो याच अंगाने घेता येईल, मात्र मग सोबत्यांशी शर्यत लावून, देवीपेक्षा घड्याळाकडेच अधिक लक्ष देत पायऱ्या चढणाऱ्या धडधाकट यात्रेकरूलाही तो तितकाच लागू पडतो.