ईयोबास दाखविलेला घोडा

शास्त्रपाठ : ईयोब, अध्याय १, २ व ३९, लूक, अध्याय १३.



दावणीचे जनावर मेले असता त्याविषयी मंडळीत बोलावे की काय, असा प्रश्न कित्येकांस पडतो. मनुष्याच्या मरणप्रसंगी आम्हां पाळकांपाशी शास्त्रपाठ आहेत, गीते आहेत, विधीचे पुस्तक आहे. जनावरासाठी यांपैकी काहीच नाही. म्हणून ज्याची घोडी एका रात्रीत गेली तो विश्वासी मनुष्य रविवारी मंदिरात येतो, मागच्या सतरंजीवर मुकाट बसतो आणि आशीर्वाद होताच उठून जातो. त्याच्या मनात काय चालले आहे हे ऐकावयास उपदेशकास सवड नसते, देवऋषीस मात्र असते. ही गोष्ट बरी नव्हे. म्हणून आज आम्ही ह्याच विषयावर लिहीत आहो.

माधवनगर हे गाव आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाचे आहे. सांगलीहून निघाले की बुधगावाच्या अलीकडे ही पेठ लागते. बुधगाव हे मिरज संस्थानाच्या धाकट्या पातीच्या राजधानीचे गाव. १९४८ साली संस्थान विलीन झाले, पेठ राहिली. टांग्यांचे दिवस आता गेले. घोडा उरला तो वरातीपुरता व शर्यतीच्या गाडीपुरता. तेथील एक बंधू, ज्यांचे नाव देण्याचे कारण नाही, वरातीस घोडी देऊन आपला प्रपंच चालवीत असत. घोडी सहा वर्षांची, अंगाने भरलेली, लहान मुलांनीही लगाम धरावा इतकी गरीब. संध्याकाळी तिने भिजवलेला हरभरा खाल्ला, पाणी प्याली. पहाटे पाहतात तो आडवी पडलेली. अंगावर जखम नाही, तोंडाला फेस नाही. लग्नसराई तोंडावर आलेली आणि घोडीसाठी घेतलेले कर्ज अजून फिटलेले नव्हते.

उन्हे वर येण्यापूर्वीच अंगणात तीन मते ऐकू आली. एकाने म्हटले की ही करणी आहे; आणि गल्लीच्या टोकास एकटी राहणाऱ्या एका वृद्ध विधवेकडे बोट दाखविले, कारण आदल्या दिवशी तिने घोडीच्या पाठीवरून हात फिरविला होता. दुसरा म्हणाला, तुमचे कुळदैवत खंडोबा. घोडा हे त्याचे वाहन. तुम्ही त्यास सोडले, त्याने आपले वाहन नेले. तिसरे मत आमच्याच मंडळीतील एका गृहस्थांचे, आणि आम्हांस सर्वांत दुःख त्याचेच झाले. ते म्हणाले, घरात काही गुप्त पाप असले पाहिजे, एरवी देव असे करणार नाही.

तिसऱ्या मताचा समाचार प्रथम घेऊ, कारण ते पवित्र शास्त्राचा अंगरखा घालून येते. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे चिरडली गेली, तेव्हा लोकांच्या मनात हेच होते की ती अठरा इतरांहून अधिक पापी असली पाहिजेत. प्रभु येशूने तो विचार तेथल्या तेथे मोडून काढिला, आणि ऐकणाऱ्यांस आपापल्या पश्चात्तापाकडे वळविले. ईयोबाच्या मित्रांचीही गोष्ट पाहा. ते आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तेथवर त्यांच्यासारखे मित्र मिळणे कठीण! आठव्या दिवशी त्यांनी कारणे सांगावयास आरंभ केला आणि सारे बिघडले. ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप झाला तो ईयोबावर नव्हे, ह्या कारणे सांगणाऱ्यांवर. आमच्या त्या गृहस्थांनी ईयोबाचा शेवटचा अध्याय पुन्हा एकदा वाचावा, इतकेच आम्ही म्हणतो.

खंडोबाविषयी शेजाऱ्यांच्या श्रद्धेची थट्टा करणे हे आमचे काम नव्हे. जेजुरीस जाणारे पुष्कळ लोक सरळ मनाचे आहेत, आणि आमचे आजेपणजेही तेथे गेले आहेत. परंतु भय दाखविले जाते तेव्हा गप्प बसणे योग्य नाही. १९५९ ते १९६१ ह्या वर्षांत आफ्रिकेतील घोड्यांचा एक रोग पश्चिम आशियातून, इराण व पाकिस्तान ह्या वाटेने भारतात येऊन पोहोचला. ह्या सर्व देशांत मिळून तीन लाखांवर घोडे, गाढवे व खेचरे मेली. रोग पसरविणारे होते डोळ्यांस जेमतेम दिसणारे एक चिलट. त्या चिलटाने कोणाचे कुळदैवत कोणते, कोणी ते सोडले व कोणी राखले, ह्याची चौकशी केली नाही.

आमचे बंधू त्या सकाळी देवऋषीकडे गेले नाहीत, पशुवैद्यास बोलाविले. ह्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. मिरजेस डॉक्टर वान्लेस यांनी १८९४ साली मिशनचे इस्पितळ उघडले, तेव्हापासून ह्या भागातील मंडळ्या मनुष्याच्या दुखण्यात कारण शोधावयास शिकल्या. जनावराच्या बाबतीत मात्र आम्ही अजून मागे आहो. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे, आणि सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे १९८८ साली तसेच महाविद्यालय निघाले. विद्या दूर नाही.

धडधाकट घोडा एकाएकी मरण्याची कारणे पुष्कळ आहेत. घोड्यास ओकारी काढिता येत नाही. म्हणून पोटशूळ उठला, आतड्यास पीळ पडला, तर काही तासांत खेळ आटोपतो. कुंपणाच्या कण्हेरीची थोडी पाने चाऱ्यात गेली तरी हृदय थांबते. साप आहे, वीज आहे. काळपुळी आहे, जीस खेड्यांत फाशी म्हणतात. तिच्या संबंधाने एक गोष्ट उपदेशकांनी गावोगाव सांगावी : मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल तर त्यास कोणी कापू नये, सोलू नये, ओढीत नेऊ नये. रोगाचे बीज मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते व मनुष्यासही जडते. सरकारी पशुवैद्यास कळवावे व तो सांगेल तसे खोल पुरावे. विमा उतरविला असेल तर त्याचा दाखलाही लागतो.

माधवनगरच्या घोडीचे शवविच्छेदन झाले. आतडे जागच्या जागी होते. विषाची खूण नव्हती. रक्तवाहिनी फुटलेली नव्हती. वैद्यांनी सरळ सांगितले की हृदयाची गती एकाएकी बिघडली असावी, तिची खूण मांसावर राहत नाही, ह्याहून अधिक मला सांगता येत नाही. शर्यतीच्या घोड्यांविषयी परदेशांत मोठे शोध झाले आहेत. तेथेही अचानक मेलेल्या पुष्कळ घोड्यांचे कारण उघडून पाहिल्यावरही हाती लागलेले नाही. ज्या मनुष्यास मला ठाऊक नाही असे म्हणता येते, त्याचा आम्हांस आदर वाटतो. देवऋषीच्या तोंडून हे वाक्य कधी कोणी ऐकले आहे काय?

आणि येथेच खरी परीक्षा आहे. कारण रिकामे राहिले की त्या जागेवर कोणास तरी बसवावे असे मनास वाटते, आणि जवळ असते ती गल्लीच्या टोकाची निराधार बाई. साताऱ्याचे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर ह्याच गोष्टीविरुद्ध जन्मभर झटले. ते देव मानीत नसत, आम्ही मानितो. तथापि अशा बायांच्या बाजूने ते उभे राहिले हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमक्या बाईने करणी केली असे म्हणून तिचा छळ करणे हा आता गुन्हा आहे. ख्रिस्ती मनुष्यास तर कायद्याचीही वाट पाहावी लागू नये. खोटी साक्ष देऊ नये हे त्यास सीनाय पर्वतापासून ठाऊक आहे. आमच्या बंधूंची पत्नी तिसऱ्या दिवशी त्या वृद्धेच्या घरी गेली व तिला आपल्या अंगणात घेऊन आली. दोघी पेंढ्याच्या गंजीजवळ बसल्या होत्या, सर्व गल्लीने पाहिले. करणीची बोलणी त्या दिवसानंतर फारशी ऐकू आली नाहीत.

आता ईयोबाकडे वळू. त्याच्या संपत्तीची मोजणी पहिल्या अध्यायात आहे : सात हजार मेंढरे, तीन हजार उंट, पाचशे जोड्या बैल, पाचशे गाढवी. एका दिवसात सर्व गेले, आणि मुलेही गेली. पुढे तो देवास कारण विचारीत राहतो. वादळातून देव बोलू लागतो, तेव्हा कारणाचा एक शब्दही सांगत नाही. तो त्यास रानगाढव दाखवितो, शहामृग दाखवितो, आणि मग घोडा : त्याची आयाळ, त्याचे फुरफुरणे, खुरांनी माती उकरणे, रणशिंगाचा नाद कानी पडताच त्यास न राहवणे. आम्ही हा भाग पुष्कळदा वाचला आहे, आणि दर वेळी एक गोष्ट मनात येते. ईयोबाच्या मोजणीत घोडा नाही. जे त्याचे कधी नव्हते, जे त्याच्या कामास कधी आले नाही, असे जनावर देव त्याच्यापुढे उभे करितो आणि त्याचे वर्णन करिताना जणू स्वतःच रमतो. घोडा तुझा होता त्यापूर्वी तो माझा होता, आणि मला तो प्रिय आहे, असेच जणू देव सांगत आहे. निनवे नगराची दया करिताना त्याने तेथील गुराढोरांचीही आठवण ठेविली, हे योनाच्या शेवटी लिहिले आहे. म्हणून घोडीसाठी रडणाऱ्यास लाज वाटण्याचे कारण नाही. देवाच्या आवडीच्या वस्तूवर त्याने प्रेम केले.

मनुष्यजातीवर घोड्याचे ऋण आहे ते वेगळेच. सर्पदंशावर जी लस टोचितात ती घोड्याच्या रक्तातून तयार होते. परळच्या हाफकिन संस्थेत हे काम पुष्कळ वर्षे चालत आले आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ह्यांच्या विषाची सूक्ष्म मात्रा घोड्यास देतात, ते तो सोसतो, आणि ऊस तोडणारा आमचा मनुष्य वाचतो. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो असे शलमोनाच्या नीतिसूत्रांत आहे. तेथे ते धर्माचे लक्षण म्हणून सांगितले आहे, हौसेची गोष्ट म्हणून नव्हे.

बंधूंच्या धाकट्या मुलीने आम्हांस विचारिले की घोडी देवाकडे गेली काय. एकही चिमणी पित्यावाचून भूमीवर पडत नाही, असे प्रभु म्हणाला; आणि सर्व सृष्टी मुक्ततेची वाट पाहत कण्हत आहे, असे पौलाने रोमकरांस लिहिले. हे दोन पाठ आम्ही तिला सांगितले. शास्त्राने जेथे दार लाविले नाही तेथे पाळकाने कडी घालू नये.

उपदेशकांस थोडे सांगावयाचे आहे. असा प्रसंग गावात घडला की त्याच दिवशी त्या घरी जावे, आणि बसावे. वचन वाचण्याची घाई करू नये. चहा दिला तर घ्यावा, घोडीच्या गोष्टी निघाल्या तर ऐकाव्या. देवाची इच्छा होती हे वाक्य पहिल्या आठवड्यात तरी तोंडातून काढू नये. पुढल्या रविवारी सामान्य प्रार्थनेत त्या घराचे नाव घ्यावे. कर्जाचा हप्ता थकणार असेल तर वडील मंडळींनी दानपेटीतून काय निघते ते पाहावे आणि उरलेले घरोघर मागावे. बैल मेलेल्यास पेरणीस आपला बैल द्यावा. माधवनगरच्या मंडळीने दोन हप्ते उचलले आहेत, तिसऱ्यासाठी सुगी होण्याची वाट पाहत आहेत. दुसरे जनावर कधी घेणार, असे कोणी आपण होऊन विचारू नये. आणि खोगीर व घुंगरांचा साज खुंटीवर टांगलेला दिसला तर तो तेथेच राहू द्यावा.